कोऱ्या सोमवारची साक्ष

"काका, हात लावू नका त्याला," ती मुलगी म्हणाली, आणि किशनरावांनी टेबलावरच्या करड्या पेटीकडे नेलेला हात चटकन मागे घेतला.

रेल्वेच्या विभागीय कचेरीतून निवृत्त झाल्यापासून किशनराव रोज सकाळी नांदेडच्या वजिराबादेतल्या या माडीवर येऊन बसत. भाचीला मदत करायला, असं ते सांगत. कसली मदत, हे सिंधुला विचारण्यात अर्थ नव्हता. सिंधु पूर्वी विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासायची. आता खाजगी तपासाची कामं घ्यायची, आणि मामांना चहा पाजायची.

"मी ऋतुजा. शिरूर अनंतपाळची," मुलगी म्हणाली. "इथं इंजिनिअरिंगला पीएच.डी. करते. म्हणजे करत होते. परवा चौकशी समिती बसणार आहे. माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

"काय चोरलं म्हणतात?" सिंधुने विचारलं.

"माझंच काम."

किशनरावांनी कान टवकारले. अशी चोरी त्यांनी कधी ऐकली नव्हती, आणि सकाळी सकाळी अशी भानगड दारात आली की त्यांना भारी आनंद व्हायचा.

ऋतुजाने सांगितलं ते असं. लोक ऑनलाइन माल मागवतात, गाडी दारात येते, घरी कोणी नसतं आणि पार्सल परत जातं. गावाकडे हे फार होतं. कोणत्या वेळी कोणत्या दारी माणूस सापडेल याचं गणित तिने मांडलं होतं. त्यासाठी लातूरहून शिरूरकडे जाणाऱ्या पार्सलच्या गाडीत तिने ही पेटी बसवली. गाडी कुठे आहे, रस्त्यात किती हादरे बसले, पार्सल कोणत्या दारी दिलं, सगळं पेटीत नोंदलं जाई. सुटीच्या दिवशीही त्या गाडीची फेरी चुकत नसे.

"आणि गेल्या महिन्यात हैदराबादच्या एका कंपनीने निबंध छापला," ती म्हणाली. "नोंदी माझ्याच. आकड्याला आकडा जुळतो. कोणीतरी त्यांना विकल्यात. विकणाऱ्याचं नाव ते सांगत नाहीत. आता कॉलेज म्हणतं, त्यांचं आधी छापून आलं, म्हणजे चोर तू."

"फरक काहीच नाही?"

"एका दिवसाचा आहे. तोच मला नडतोय. माझ्याकडे डिसेंबरअखेरचा एक सोमवार कोरा आहे. त्या दिवशी फेरी नव्हती. त्यांच्याकडे तो भरलेला आहे. समितीच्या नोटिशीत लिहिलंय, अखंड असेल ते अस्सल, भोक पडलेली ती नक्कल. फेरी का नव्हती, एवढी एक ओळ मी तेव्हाच लिहायला हवी होती. आता सांगितलं तर मागाहून रचलं म्हणतील." तिने पेटी जवळ ओढली. "आमच्या घरातून एवढं शिकलेली मी पहिलीच. गावात म्हणतील, शिकायला गेली आन् चोरी करून आली. ते मला न्हाई सोसायचं."

निबंधासोबत कच्च्या नोंदीही सर्वांसाठी खुल्या ठेवायची आता पद्धत आहे. सिंधुने त्या लॅपटॉपवर उघडल्या, बराच वेळ पाहिल्या, मग भिंतीवरच्या कॅलेंडरमागे अडकवलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढून चाळलं. तिच्या डोळ्यांत चमक आली. ती चमक किशनरावांच्या ओळखीची होती, आणि ती दिसली की ते खुर्ची पुढे ओढून बसायचे.

"ऋतुजा, त्या कोऱ्या सोमवारबद्दल परवापर्यंत कोणाशी अवाक्षर बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या नोंदी कोणाकोणाच्या हाताखालून गेल्या?"

"गाडी चालवणारे अजहरभाई, माझ्या शेजारी बसणारा शिवशंकर, आणि माझे गाईड दयानंद सर."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिवशंकर एकटाच होता. निलंग्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, उंच, तुटक बोलणारा. प्रयोगशाळेची एक किल्ली त्याच्याकडे असे.

"ऋतुजाच्या नोंदी तुझ्याकडे आहेत?" सिंधुने विचारलं.

"हाव. तिनंच ठेवायला दिल्या. तिचं मशीन बिघडलं तर असावं म्हणून. जशाच्या तशा हायत, बघा पाहिजे तर."

"पुढे काय करणार?"

तो जरा अडखळला. "नोकरी लागली. हैदराबादला. पुढल्या महिन्यात जानार हाय."

किशनरावांनी भाचीला कोपराने ढोसलं. जिन्यात येताच ते म्हणाले, "धरला की गं. हैदराबाद म्हणला त्यो. आता काय राहिलं?"

"हैदराबाद मोठं आहे मामा," सिंधु म्हणाली.

दयानंद सरांनी मात्र दोघांना आदराने बसवलं आणि चहा मागवला. पांढरे केस, मऊ आवाज. किशनरावांना माणूस पाहताक्षणी आवडला.

"मुलगी हुशार आहे हो," सर म्हणाले. "पण समितीपुढे भांडून निभाव लागायचा नाही. मी तिला सांगितलंय, माफी माग, दुसरा विषय घे. एक-दोन वर्षं जातील. मी आहे पाठीशी."

"तुम्ही इकडचेच?"

"मूळचा अमरावतीकडचा. पण नांदेडला आयुष्य गेलं."

"तिच्या त्या गाडीत तुम्ही कधी बसलात?"

सरांचा चेहरा खुलला. "एकदाच. काम सुरू व्हायच्या आधीची चाचणी फेरी मीच केली. ही आजारी होती तेव्हा. पेटी नवी, ठेवायला जागा नाही, म्हणून सबंध रस्ताभर मांडीवर धरून बसलो. नंतर मीच म्हटलं, गाडीच्या तळाला बोल्टने पक्की आवळा."

"त्या फेरीची नोंद बघायला मिळेल?"

"ती माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती. केव्हाच पुसली गेली."

दुसऱ्या दिवशी ते लातूरला गेले. अजहर पार्सलच्या गाडीला टेकून उभा होता. लातूरच्या जुन्या वस्तीतला, बापही गाडीच चालवायचा.

"ताईचं काम लई बारीक," तो म्हणाला. "पर माझ्याकडं काय असनार? पेटी मी फकस्त पुसायचो. उघडता बी येत न्हाई मला."

"ऋतुजाच्या घरी जाणं-येणं आहे तुमचं?"

"हाव तर. येळवसला तिच्या बापानं शेतात बोलावलं हुतं. गाडी हितं बंद करून घरच्या फटफटीवर गेलो सगळे. बिंदगं भरून आंबील, भज्जी, उंडे. इतकी आंबील पिलो की झाडाखालीच आडवा झालो."

आंबिलीचं नाव निघताच किशनरावांची जुनी जखम उघडली. "तुमची येळवस, आन् माझी उपासमार," ते म्हणाले. "डिसेंबर सरता सरता मी लातूरला आलो हुतो, सासुरवाडीला. दाराला कुलूप. सगळी शेतात. हॉटेलं बंद, रस्त्यावर कुत्रं न्हाई. एक कप चहा मिळंना मला."

सिंधु खुदकन हसली. "मामा, तुमची ती उपासमार फार कामाची आहे. विसरू नका."

यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांना कळलं नाही. ते रुसून गाडीत पुढे बसले.

सिंधुने आधी ऋतुजाकडून आणलेली पेटी गाडीच्या तळाला तिच्या नेहमीच्या जागी आवळून घेतली आणि अजहरला शिरूरच्या रस्त्याला लावलं. वाटेत एका ओढ्यावर पूल होता. त्याच्या तोंडाशी डांबर खचलं होतं. गाडी तिथे अशी उसळली की किशनरावांचं डोकं टपाला लागलं आणि मागून धाडकन आवाज आला.

"पेटीचा आवाज हाय त्यो," अजहर म्हणाला. "रोजचंच हाय. गाडी सावकाश घेतली तरी बी उसळतीच. लई वर्षं झाली, पूल हाय तसाच हाय."

परतताना सिंधुने पेटी सोडवली आणि मामांच्या मांडीवर ठेवली. "घट्ट धरा. लेकरू आहे समजा."

"दयानंद सर बी असंच बसले हुते," अजहर हसत म्हणाला. "बाळंतिणीवानी."

शिरूर ते लातूर किशनरावांनी ती पेटी पोटाशी धरली. का, ते कोणी सांगेना. मान अवघडली, पण पेटीला त्यांनी धक्का लागू दिला नाही.

समिती भर दुपारी बसली. अध्यक्ष तारामती मॅडम, जाड चष्मा, मोजकं बोलणं. ऋतुजा कोपऱ्यात हात घट्ट धरून बसली होती. दयानंद सर, शिवशंकर, अजहर, तिघेही होते. किशनराव शिवशंकरच्या बाजूची खुर्ची अडवून बसले, तो पळाला तर धरता यावा म्हणून.

"समिती म्हणते, अखंड ते अस्सल," सिंधु उभी राहिली. "म्हणून मी त्या एका सोमवारपासूनच सुरुवात करते. कंपनीच्या नोंदीत त्या दिवशी शिरूर अनंतपाळला दिवसभर दारोदार पार्सलं दिलेली आहेत. सगळी घेणाऱ्याच्या हातात. एकही परत गेलेलं नाही. मॅडम, तुमचं गाव कोणतं?"

"औसा," तारामती मॅडम म्हणाल्या. "का?"

"मग ही तारीख तुम्हीच बघा. दिवस अमावास्येचा आहे."

मॅडमनी समोरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"येळवस," त्या हळूच म्हणाल्या.

"येळवस. वेळा अमावास्या, शेतपूजेचा सण. लातूर जिल्ह्यातली घरं सकाळीच कुलपं लावून शेतात गेली होती. अजहरभाई ऋतुजाच्या शेतात आंबील पीत होते, आणि गाडी लातूरला बंद उभी होती. माझे मामा त्या दिवशी लातुरात चहासाठी वणवण फिरले. अशा दिवशी शिरूरात दार उघडायला होतं कोण? कोरा दिवसच खरा आहे. भरलेला दिवस नंतर बनवलेला आहे."

किशनराव ताठ झाले. पुरावा त्यांच्या पोटात होता, आणि सबंध प्रवासात त्यांनाच पत्ता नव्हता.

"आता, भरला कोणी?" सिंधु पुढे म्हणाली. "ज्याला येळवस ठाऊक आहे त्याला तारीख पाहताच कळलं असतं. अजहरभाईंनी ती भरली नसती. निलंग्याच्या शिवशंकरनेही नाही. ज्याला तो सोमवार इतर सोमवारांसारखाच दिसला, त्याला वाटलं, पेटी बंद पडली असेल."

"एखाद्याला सण माहीत नाही म्हणून तो चोर ठरतो का?" दयानंद सरांनी शांतपणे विचारलं.

"नाही सर. म्हणून मी पूल पाहिला." सिंधुने दोन आलेख पडद्यावर लावले. "शिरूरच्या रस्त्याला एक खचलेला पूल आहे. पेटी तळाला आवळलेली असल्यामुळे रोज तिथे हादऱ्याची रेघ उंच उसळते. सगळ्या नोंदींत, जाताना एकदा, येताना एकदा. फक्त कंपनीच्या त्या सोमवारी नाही. तिथे रेघ नुसती मऊ फुगते. भरणाऱ्याने आकडे मनाने रचले नाहीत. हाताशी असलेल्या दुसऱ्या एका दिवसाची फेरी उचलून तिथे ठेवली. पार्सलं पाहिली, हादरे कोण बघतो?"

तिने तिसरा आलेख लावला. तीच मऊ फुगलेली रेघ.

"ही कालची. त्याच पुलावर, पेटी मामांच्या मांडीवर असताना."

किशनरावांना आता कुठे उलगडा झाला. त्यांनी नकळत आपल्या पोटावरून हात फिरवला.

"पेटी मांडीवर धरून एकच फेरी झाली होती," सिंधु म्हणाली. "कोणी केली, ते त्यांनीच आम्हाला चहा पाजून सांगितलं, आणि अजहरभाईंनीही पाहिलं. ती नोंद ऋतुजाकडे कधी आलीच नाही. शिवशंकरकडेही नाही. ती एकाच लॅपटॉपमध्ये होती, आणि म्हणे पुसली गेली. सर, पुसली गेलेली फेरी हैदराबादला कशी पोचली?"

दयानंद सरांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले.

"त्यांना अखंड नोंद हवी होती," ते म्हणाले. "सल्लागाराचं पद देणार होते. हिची परीक्षा होईपर्यंत छापणार नाही म्हणाले होते. आधीच छापलं."

"आणि मग तुम्ही मला माफी मागायला सांगितलं," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

तारामती मॅडमनी आळ मागे घेतल्याचं तिथल्या तिथे लिहून घेतलं आणि सरांना बसून राहायला सांगितलं. किशनरावांनी शिवशंकरच्या बाजूची खुर्ची सोडली. त्याच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "हैदराबादला जा बाबा खुशाल. माझं चुकलं." काय चुकलं ते त्या बिचाऱ्याला कळलंच नाही.

"एक सांग मला," मॅडम ऋतुजाला म्हणाल्या. "घरी कोण केव्हा सापडतं, हाच तुझा अभ्यास. आणि सबंध जिल्हा घरी नव्हता, तोच दिवस तू एका शब्दाविना सोडून दिलास?"

ऋतुजा गोंधळली. "मॅडम, येळवसला घरी कोणी नसतं, हे काय लिहायचं असतं?"

अजहर मोठ्याने हसला. मॅडमही हसल्या, मग गंभीर झाल्या. "लिहायचं असतं पोरी. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहायचं असतं. आत्ता लिही."

ऋतुजाने लॅपटॉप पुढे ओढला. तो कोरा सोमवार उघडला आणि त्याच्यासमोर तिने लिहिलं: येळवस. सगळे शेतात. लिहिताना तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवले नाहीत.

"काका, या डिसेंबरात तुम्ही आमच्या शेतात यायचं," ती किशनरावांना म्हणाली. "सिंधुताईंना घेऊन."

"येतो की," किशनराव म्हणाले. "पर आदल्या दिवशीच येतो. त्या दिवशी लातुरात उतरून उपाशी मरायचं न्हाई मला."