आठव्या रकातीनंतर

पूर्वेच्या डोंगराआडून उजाडू लागले, तसा धामणगडाला वेढा घालून बसलेला शत्रूचा तोफखाना हळूहळू नजरेत आला. खंदकापलीकडे सतरा तोफा होत्या, तोफांमागे राहुट्या, आणि राहुट्यांमागे बोडकी टेकडी. तीन महिन्यांत तिच्यावरचे झाडन् झाड मोर्च्यांच्या लाकडात गेले होते. रमजानचा विसावा रोजा सुरू झाला होता. दक्षिण दरवाजावरच्या बुरुजावर मीर बाकर मशहदी धनुष्याची तात सैल करीत बसला होता, आणि त्याच्याशेजारी गडाचा काझी, हाफिज जैनुद्दीन, नेहमीप्रमाणे वाद घालायला येऊन बसला होता.

मीर शिया होता, काझी सुन्नी. गडावरची साडेतीनशे सुन्नी माणसे रात्री इशाच्या नमाजीनंतर काझीच्या मागे जमातीने, एकत्र रांगांत उभे राहून, तरावीहच्या वीस रकाती पढत; तरावीह ही रमजानमधली रात्रीची जादा नमाज, आणि रकात म्हणजे तिचे एक आवर्तन. मीराचे बेचाळीस तिरंदाज त्या जमातीत उभे राहत नसत. रमजानची नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज ज्याने त्याने एकट्याने पढावी, असे त्यांचे मत. त्यातूनच गडाची एक रीत पडली होती. सुन्नी मशिदीत असताना दक्षिण दरवाजा शिया सांभाळत. आणि हजरत अलींच्या शहादतीच्या एकविसाव्या रात्री शिया मातमाला, म्हणजे शोक करायला, बसत, तेव्हा तोच दरवाजा सुन्नी सांभाळत. चौदा वर्षांत या रीतीला कधी खंड पडला नव्हता.

"रसूलांनी मोजक्या रात्री लोकांना मागे उभे राहू दिले आणि मग बाहेर आलेच नाहीत," मीर म्हणाला. "तुम्ही मात्र तीसही रात्री सोडत नाही, काझीसाहेब."

"ही नमाज साऱ्या उम्मतीवर सक्तीची, फर्ज होऊन बसेल, या काळजीने ते आले नाहीत. त्यांच्यामागे ती काळजी उरली नाही. हजरत उमरांनी विखुरलेल्या माणसांना एका इमामामागे आणले. यात वाईट काय झाले?"

"वाईट म्हणत नाही. नवे म्हणतो. नफल घरी पढावी."

"मग घरी का जात नाही? रोज रात्री तटावर काय करता?"

"तुम्ही साडेतीनशे जण भिंतीकडे तोंड करून उभे असता. शत्रूकडे तोंड करायला कोणी नको का?"

काझी हसला. वीस या आकड्यापासून मात्र तो हटणारा नव्हता. गुजरातेतून आलेला एक घोड्यांचा सौदागर आठ रकातींवर उठून जाई, म्हणून काझीने त्याला तीन दिवस जवळ बसवून समजावले होते. सौदागर शेवटी वीस पढला. पटले म्हणून नव्हे, थकला म्हणून.

तेवढ्यात किल्लेदार मुबारिजखान बुरुजावर आला. मीर उठून उभा राहिला.

"खानसाहेब, आजची रात्र आमची."

"विसरेन कसा? दरवाजावर बहलोल जमादार आणि त्याचे पंचवीस जवान राहतील. कलामे पाकची शपथ, मीरसाहेब. निश्चिंत मनाने बसा."

मीराने छातीवर हात ठेवून मान झुकवली. मातमाला बसताना शस्त्रे बाहेर ठेवण्याची त्याच्या माणसांची चाल होती. संध्याकाळी बेचाळीस धनुष्ये चौकीत टांगून ती माणसे अनवाणी, उघड्या डोक्याने मातमाच्या दालनात शिरली.

मशिदीत तरावीह सुरू झाली. दर चार रकातींनंतर जमात थोडा विसावा घेते. पहिल्या विसाव्याला काझी जमातीकडे पाठ करूनच बसला होता. आठवी रकात पुरी झाली तेव्हा काझी विसाव्यासाठी जमातीकडे वळून बसला, आणि पहिल्याच रांगेत त्याला बहलोल जमादार दिसला. त्याच्या बाजूला त्याचे जवान. काझीने मोजले. पंचवीसच्या पंचवीस.

"बहलोल, दरवाजावर कोण आहे?"

"खानसाहेबांचे तीन खासे हबशी, काझीसाहेब. खानसाहेब म्हणाले, आजची रात्र पुण्याची, कोणी वंचित राहू नये."

काझीने किल्लेदाराकडे पाहिले. दक्षिण दरवाजाची किल्ली झोपेतही त्याच्या कमरेला असे. आज तिथे नुसती साखळी लोंबत होती.

"खानसाहेब, किल्ली कुठे आहे?"

"अजून बारा रकाती बाकी आहेत, काझीसाहेब," किल्लेदार शांतपणे म्हणाला. "उठा. लोक खोळंबले आहेत."

तेव्हा काझीला सारे उमगले. शत्रूच्या सरलष्कराने किल्लेदाराला जहागिरीचे वचन दिले असणार, आणि त्या वचनाच्या आड एकटा मीर बाकर उभा होता. तो दरवाजावर असेतो गड देता येत नव्हता. वर्षातून ही एकच रात्र तो तिथे नसे. बाकीच्या साडेतीनशे जणांना गुंतवून ठेवायला काझीची नमाज होती.

"आज आठच!" काझी ओरडला. "उठा! दक्षिण दरवाजा गेला!" आणि तो अनवाणी धावत सुटला.

काहींना वाटले, काझीला भ्रम झाला. बहलोल मात्र धावला, आणि त्याच्यामागे सारेच.

दरवाजा अर्धा उघडा होता. आधीच आत शिरलेले पन्नासेक शिपाई थेट मातमाच्या दालनाकडे वळले होते. वाट कोणीतरी नीट सांगून ठेवलेली दिसत होती. दारूखान्याचा हवालदार सिदोजी गुंजाळ आपली बारा माणसे घेऊन दरवाजाला भिडला, आणि बाहेरून रेटा चालू असतानाच त्यांनी खांद्यांच्या जोरावर अडसर घातला. काझी दालनाच्या दारात पोचला आणि हातात काही नसताना उंबऱ्यावर आडवा उभा राहिला. पहिला वार त्याने डाव्या दंडावर घेतला. आत मीराची माणसे समया आणि चौरंग घेऊन लढत होती. बहलोलचे जवान शस्त्रे घेऊन येईतो बेचाळीसांपैकी एकतीस पडले होते, आणि मीराच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. तिरंदाजाची बोटे.

किल्लेदारही धावून आला. त्याने प्रथम दरवाजा उघडणाऱ्या आपल्या तिन्ही हबश्यांना कापले. त्यांना कोणी काही विचारण्याआधीच.

चार दिवसांनी कुमक आली आणि वेढा उठला. मुबारिजखानाची अर्जी त्याआधीच दरबारात पोचली होती. तीत लिहिले होते, की सुन्नी नमाजीत असता शियांनी दक्षिण दरवाजा उघडला आणि दासाने तो राखला.

काझीने महजर, म्हणजे साक्षीदारांच्या निशाण्या घ्यायचा कागद, लिहिला. घडले तसे, कमीजास्त न करता. तो घेऊन तो प्रथम बहलोलकडे गेला.

"खाली निशाणी कर. तू पहिल्या रांगेत होतास, एवढेच लिहिले आहे."

"माझी तीन मुले याच गडावर आहेत, काझीसाहेब."

"खोटे काही लिहिलेले नाही."

"म्हणूनच नाही करत. खोटे असते तर केली असती, कोणी विचारले नसते." जमादार मान खाली घालून म्हणाला. "शिवाय तो शिया. आपल्यातला असता तर गोष्ट वेगळी."

पंचवीस जवानांनी पंचवीस कारणे सांगितली. महजरावर काझीचा शिक्का आणि सिदोजीची कट्यारीची निशाणी, एवढेच उठले. दरबाराने विचार केला, की साडेतीनशेंची बाजू राखली तर गड हाती राहतो. त्याने किल्लेदाराला खिलत, मानाचा पोशाख, पाठवली आणि मीराला सरहद्दीबाहेर जाण्याचा हुकूम.

मीर निघाला तेव्हा त्याच्यासोबत अकरा माणसे होती. काझी खालच्या चौकीपर्यंत चालत गेला.

"तुम्हाला कोणी खोटे ठरवले नाही, काझीसाहेब," मीर म्हणाला. "तुमचे कोणी ऐकलेच नाही. पुढच्या खेपेला जोरात भांडा, माझ्याशी भांडत होता तसे." त्याने उरलेल्या दोन बोटांनी सलाम केला. मग त्याने वळून पाहिले नाही.

ईदच्या नमाजीनंतर सारा गड एकमेकांच्या गळ्यात पडत होता. मुबारिजखान नव्या खिलतीत पुढे आला आणि सगळ्यांदेखत त्याने काझीला मिठी मारली; रीतीप्रमाणे तीनदा, अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे. काझी सरळ उभा होता. जखमी हात झोळीत होता. दुसरा धडधाकट होता, आणि तो उचलला गेला नाही. मागे बहलोल आणि त्याचे पंचवीस जवान हे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर नव्या काझीच्या नावाची सनद निघाली.