शेतीकामात मदत

“...श्रीमती रत्नाबाई या गेली एकोणीस वर्षे आमच्या शेतीकामात मदत करतात.” कुंदनने पत्र वाचून संपवलं आणि शाबासकीच्या अपेक्षेने वहिनीकडे पाहिलं. रत्नाने कागद शांतपणे हातात घेतला... आणि फाडला! एकदा उभा, एकदा आडवा.

ओट्यावर बसलेले तिचे सासरे, झुलालआबा, ताडकन उठले. “वहू! डोकं फिरनं का तुनं?”

“मदत नाही, आबा. शेती केली मी. तसं लिहा.”

चोपड्याचे केळीचे व्यापारी मांगीलालशेठ यांच्या मुलाने, अखिलने, टांझानियात केळीसाठी जमीन घेतली होती. लागवड रत्नाने उभी करायची, चौथा हिस्सा तिच्या स्वतःच्या नावावर. तिथल्या कामाच्या परवान्यासाठी एकच कागद अडला होता... ती शेतकरी असल्याचं जमीनमालकाचं, म्हणजे आबांचं, पत्र.

तिचा नवरा अभिमन गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. माहेरचे न्यायला आले होते, कृषी पदविकेचं शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं. पण सातवीतला कुंदन, तिचा दीर, पदर धरून रडला आणि ती थांबली. तापीकाठच्या या जमिनीत प्रयोगशाळेत वाढवलेली ऊतिसंवर्धित रोपं पहिल्यांदा तिने आणली, ठिबकच्या नळ्या तिने अंथरल्या. पहिल्या घडाचा नारळ मात्र दरवर्षी कुंदनने फोडला!

“तू गई ते हाई बाग कोन देखी?” आबा कडाडले. “बठ्ठं गाव हासी माले!”

“कुंदनभाऊ बघतील. माझी तर मदतच होती ना... आजपासून ती थांबली.”

“बघीन की,” कुंदन हसला. “झाडांना काय वहिनीचा आवाजच लागतो?”

“तुम्हाला तर सकाळी उठायलाही ताईंचाच आवाज लागतो,” आतून त्याच्या बायकोचा, दिपमालाचा, टोला आला.

आठ दिवस रत्ना बागेकडे फिरकली नाही. दोन महिन्यांची कोवळी रोपं; आता नववं पान उमललं असेल, दहाव्याची सुरळी वर आली असेल... भाकरी थापता थापता ती मनात मोजत राही. पण पाऊल तिने उंबऱ्याबाहेर टाकलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी कुंदन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हातातल्या केळीच्या पानावर तुटक, पिवळे पट्टे होते.

“वहिनी, खत कमी पडलं का?”

तिने पान उजेडाकडे धरलं. “हरण्या आहे. विषाणूचा रोग, खताने जात नाही. मावा कीड तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेते.” ती क्षणभर थांबली. “बांधावरच्या काकडीतून आला असणार. लावू नका म्हटलं होतं मी.”

“आणि मी हसलो होतो,” कुंदन खाली बघत पुटपुटला.

कुणासाठी जायचं नव्हतं तिला! पण रोपांचा काय अपराध?

ती ओळीओळीने निघाली. ती ज्या रोपावर बोट ठेवी त्याची ओळ कुंदन वहीत टिपे, मग ते मुळासकट उपटून पोत्यात भरी. काठी टेकत आबाही मागे आले. त्यांना हिरवंगार दिसणारं एक रोप तिने न्याहाळलं आणि म्हणाली, “हेही.”

आबा थबकले. गुडघे टेकून त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेलं, तिच्यासारखंच उन्हाकडे धरलं... आणि केसाएवढी ती पिवळी रेघ त्यांना दिसली!

“इतलं बारीक? आनि मी पन्नास सालमा नही देखं...”

ते तिथेच मातीत बसले. “कुंदन, वहीनं पान फाड. लिख. हाई बाग मी नही लाई. मना पोऱ्यासनी बी नही. मनी वहूनी लाई. ती शेतकरी शे.”

एकोणीस वर्षं कोंडलेले अश्रू रत्नाच्या गालांवरून घळाघळा वाहू लागले. मातीच्या हातानेच तिने ते पुसले.

“आबा, हे लिहिलं म्हणून मी थांबायची नाही.”

“तुले अडावाले नही लिखं,” सही करत म्हातारा म्हणाला. “जावाले लिखं.”

ती वाकून त्यांच्या पाया पडली. कागदाची घडी कमरेला खोचून पुढच्या ओळीकडे वळली आणि पहिल्याच रोपापाशी थांबली.

“पान उन्हाकडे धरा, कुंदनभाऊ,” ती म्हणाली. “आणि आता तुम्ही सांगा... हे ठेवायचं, की काढायचं?”