जो बॉल नाई, त्याच्यावर मार

मले हे सांगाचं नोतं. जेवन झालं, बाज टाकली, डोळा लागाच्या आत तुमचं सुरू. आबाजी, त्या पूलवाल्या हॉलची गोष्ट सांगा! काऊन? लाईट गेली, मोबाईल बंद पडले, तवा म्हातारा आठवला. राजदीप, दात नको काढू. नूतनबाई, तू या घरात नवीन हायेस, तू पह्यल्यांदा इचारलं म्हनून सांगतो. मधात बोलाचं नाई. मी चौथीतून शाळा सोडलेला मानूस, धागा तुटला का मले परत सापडत नाई.

आन हे माझ्यासंग झालं नाई. सोमाजीसंग झालं. त्याच राती तो इथी आला होता, याच ओट्यावर. पायात एकच चप्पल.

समोर टायरच्या दुकानावर ती खिडकी दिसते ना, तोच हॉल, स्टिकनं पांढरा बॉल मारून दुसरे बॉल होलात पाडाच्या खेळाचा. मालक गुणवंतराव. जिन्याखाली माझी चाहाची टपरी होती. गडचांदूरची सिमेंटची धूळ तुमाले सांगाले नको. सकाळी ताट पुसून ठेवा, दुपारी त्याच्यावर बोटानं नाव लिहा. खिडकी लावली तरी टेबलाच्या हिरव्या कपड्यावर रातभरात पांढरी साय धरे. सारे त्या धुळीले शिव्या देत. एक पत्रूच होता ज्यानं तिले कामाले लावलं.

पत्रू जिवतीकडचा. गोंड पोरगा, पान्याचा टँकर चालवे. बोलनं कमी. सकाळी पोरायले खेळ शिकवे, फुकट, आन शिकवल्याबिगर टेबल झाडू देत नसे. काळा बॉल ठेवे. होलापासून काळ्याच्या मधातून मनात एक सरळ रेघ ओढे. त्या रेघेवर, काळ्याच्या पाठीले टेकवून, दुसरा बॉल ठेवे, जागच्या जागी हलकासा फिरवे आन उचलून घे. धुळीत तुरीच्या दाळीएवढा हिरवा ठिपका राहे.

"काळ्याकडं काय पाहून राह्यला बे?" म्हने. "तिथं पाह्य. पांढरा तिथं जाऊन बसला पाह्यजे. जो बॉल नाई, त्याच्यावर मार."

पोरं मारत. पांढरा कुठून गेला, कितीक चुकला, सारं धुळीत उमटे. मंग तो ब्रश घेऊन टेबल झाडे. ठिपका साफ.

"आता?" पोरं इचारत.

"आता बी तिथंच हाये. पाह्य."

त्यायले दिसे का नाई, मले माहीत नाई. पत्रूले दिसे.

दोन हजार अठराच्या मे म्हयन्यात फायनल होती. जिंकल त्यानं जिल्ह्याकडून नागपूरले जाचं. एकीकडं पत्रू, दुसरीकडं गुणवंतरावचा पुतन्या प्रणित. पंच सोमाजी. सोमाजी टेबलाचे कपडे चढवे, इस्त्री करे, गुणवंतरावच्या साऱ्या हॉलचं काम त्याच्याकडंच. टेबल मी सोता त्याले झाडताना पाह्यलं होतं. कपडा कोरा.

शेवटी काळा उरला. टेबलाच्या काठाच्या गादीले चिकटून. आन पांढरा भलत्याच कोपऱ्यात. पातळ कट होता, पांढरा काळ्याले नुसता कडेनं लागला पाह्यजे. जोरानं मारला तर पांढरा बी होलात जाते, हळू मारला तर काळा अर्ध्यात मरते. प्रणित वाकून ते पाहून राह्यला होता, हातात फ्रिजमंधली थंड बाटली, घाम सुटलेली. तिचा एक थेंब काळ्याच्या पाठीमांगं कपड्यावर पडला. मी चाहाचा ट्रे घेऊन उभा होतो. मी पाह्यला.

पत्रूनं स्टिकले चॉक घासला. कर्र... कर्र. दोनदा. ते त्याची सवय. वाकला, मारला. काळा गादीले घासत गेला आन होलात पडला, जसा कोनी हातानं सोडला.

पोरायनं शिट्ट्या मारल्या. तवाच गुणवंतरावनं कपड्यावर बोट ठेवलं.

"हे काय हाये? खूण! थुका लावून ठिपका केला यानं!"

खूण करून मारनं म्हंजे फाऊल. आन ठिपका म्हनलं का दुसरं कोन आठवनार? सारी पोरं त्याच्याच ठिपक्यावर शिकलेली. पह्यल्यांदा मान त्यायनंच हलवली. शिकवल्याचं हे फळ भेटलं त्याले.

मी म्हनलं, "गुणवंतराव, तो थेंब तुमच्या पुतन्याच्या बाटलीचा हाये."

"देवराव, तू पिऊन हायेस. जाय, चाहा ठेव."

भरल्या हॉलमंधी. तवा जिल्ह्यात दारूबंदी होती. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरात दारूचा वास बी नाई. मी पंचशील म्हननारा मानूस. आन लोक हासले ना! शेजारचा मानूस माझ्या तोंडाजवळ नाक आनून वास घेऊन राह्यला होता.

सोमाजी वाकला. ठिपक्याले बोट लावलं. गुणवंतरावकडं पाह्यलं. म्हने, "खूण हाये."

झालं.

पत्रूनं स्टिक टेबलावर ठेवली. एवढंच म्हनला, "ठिपका पोरायसाठी करतो. मले नाई लागत."

नाव पडलं 'थुक्या'. टँकर घेऊन गल्लीत आला का बायका बी हासत, याच्या पान्यात थुका नाई ना. माझ्या टपरीवर येऊन बसे. एकच बोले, "देवरावभाऊ, मले नागपूर नाई पाह्यजे. तोच शॉट परत मारू द्या म्हना. त्याच जागेवरून. कपडा धुऊन, सुकवून, सगळ्यायसमोर. एकडाव."

मी वर गेलो सांगाले. गुणवंतरावनं जिन्यातूनच वापस पाठवलं. पत्रूले तर जिना बी चढू नाई दिला.

त्याच हिवाळ्यात राजुऱ्याच्या रोडवर पत्रूचा टँकर पलटला, तो गेला. तेरवीले हॉलवाल्यायपैकी कोनी नाई गेलं. मी गेलो.

आता आयका. दोन हजार एकोनीस. तान्ह्या पोळ्याची रात, शनिवार. लेकरं लाकडाचे बैल घेऊन घरोघर फिरून आलेले, रस्ता सामसूम. पोळ्यासाठी हॉल तीन दिवस बंद होता. पाऊस बी दडलेला, म्हनून धूळ होती. दुसऱ्या दिवशी सामने. गुणवंतरावनं सोमाजीले फोन केला, आजच जाऊन टेबल झाडून ठेव, इस्त्री करून ठेव. सोमाजी जेवून निघाला. रातचे साडेनऊ झाले आसतीन. तोंडात तंबाखूचा खर्रा, खांद्यावर इस्त्रीची थैली. भेव कायचं? रोजचंच काम.

शटर वर केलं. लाईट लावली. टेबलावर धूळ, चांगली साय धरलेली.

आन मधात काळा बॉल.

बॉल तर पेटीत राहत, कुलूप लावून. सोमाजीले वाटलं, पोरायनं ठेवला आसन. जवळ गेला. गादीले चिकटून होता. तीच जागा. पर भोवताल धूळ कोरी होती. बॉल घरंगळत आला आसता तर रेघ पडली आसती. बोटं उमटली आसती. काईच नाई.

त्यानं बॉल उचलला. खुर्चीवर ठेवला. ब्रश आनाले कोपऱ्यात गेला.

टक्.

पलटला. खुर्ची रिकामी. काळा टेबलावर. त्याच जागी.

"कोन हाये बे?" सोमाजी ओरडला. "प्रणित? मस्करी नको करू..."

पंखा बंद. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मंग ते बी नाई.

कर्र...

चॉक.

कर्र.

दोनदाच.

सोमाजी पाहून राह्यला. काळ्याच्या पाठीमांगं, धुळीत, एक ठिपका आला. आपोआप. तुरीच्या दाळीएवढा...

मंग पलीकडच्या कोपऱ्यातून रेघ निघाली. बॉल नाई. स्टिक नाई. नुसती रेघ. धुळीतून येऊन राह्यली. सरळ. घाई नाई.

ठिपक्यावर येऊन थांबली.

टक्.

काळा हलला. गादीले घासत गेला. घासत... घासत...

पडला.

आतल्या नळीतून घरंगळत गेल्याचा आवाज आला. मंग काईच नाई.

... 

थांब, नूतन. पानी दे आधी.

सोमाजी म्हने, समोर कोनी दिसलं नाई, पर कोनी वाट पाहून राह्यलं आसं वाटे. पंचाची. शॉट झाल्यावर पंचाकडं पाह्यतात ना, तसं. तो कसातरी बोलला, "पत्रू... बरोबर हाये. फाऊल नाई."

आन पळाला. शटर तसंच. चप्पल जिन्यात.

इथी येऊन माझे पाय धरले. "देवरावभाऊ, मले तवाच माहीत होतं. बोट लावलं तवा ते थंड होतं. बर्फावानी. थुका का थंड राह्यते?"

"मंग सालभर तोंडात काय धरून होता, खर्रा?" मी म्हनलं.

रडून राह्यला. लेकराबाळायचं पोट, गुणवंतरावचं काम... मी त्याले पानी नाई देलं. खरं सांगतो. तुमच्या आजीनं देलं.

सकाळी त्याले दंडाले धरून वर नेला. सामन्याले लोक जमलेले. सोमाजीनं सगळ्यायसमोर सांगितलं. थेंब थंड होता, पत्रूचा शॉट खरा होता, मी खोटं बोललो. गुणवंतराव हासला. तेच हासनं.

"काऊन सोमाजी, देवरावसंग बसला होता वाटते राती?"

प्रणित टेबलाकडं पाहे. रेघ होती ना तिथं. ठिपका बी. गुणवंतरावनं सोता ब्रश घेतला आन फराफरा झाडलं. रेघ गेली.

ठिपका नाई गेला.

फडक्यानं पुसला. नाई गेला. इस्त्री फिरवली. वाफ निघाली, आन ठिपका परत होता तिथं. प्रणितनं बोट लावलं आन झटकन मांगं घेतलं. स्टिक भिंतीले टेकवली, जिना उतरला. त्यानंतर तो पोरगा खेळला नाई. आता बल्लारशाले राहते, मानूस म्हनून बरा हाये. माझ्या टपरीवर येऊन म्हनून गेला, "काका, बाटली माझीच होती." त्याचा माझा हिसाब मिटला. सोमाजीनं तर दहादा माफी मांगितली. पत्रूच्या मायच्या दारात जाऊन डोकं टेकलं.

कपडा बदलला. दुसऱ्या कारागिराकडून, चंद्रपूरवरून बोलावून. नवा कोरा कपडा, रातभर कुलूप. सकाळी त्याच जागी ठिपका. छप्पर पाह्यलं, कोरडं. मंग टेबल भिंतीकडून खिडकीकडं सरकवलं. ठिपका टेबलासंगच गेला.

आता हॉल बंद हाये. टेबल कोनी घेत नाई. मांगच्या म्हयन्यात टायरवाल्यानं मले वर नेलं, भाऊ पाहून घ्या म्हने एकडाव. भर दुपार, चंद्रपूरचा उन्हाळा, टिनाखाली उभं राहवत नोतं. टेबलावर बोटभर धूळ. आन गादीपाशी एक थेंब. मी बोट लावलं.

थंड होता.

पत्रूची माफी तर आता कोनी मांगू शकत नाई. पर मी जिता हाओ. मी पिऊन नोतो. रोज सकाळी हा मानूस माझ्या याच ओट्यासमोरून फिराले जाते, मान खाली घालून, आन हा ओटा आला का पाय उचलते. मी इथीच बसलो राह्यतो. थांबत नाई तो. गुणवंतराव.