मधाच्या कड्यावरचा दोर

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो प्रबुद्ध माझा सख्खा चुलतभाऊ.

आमच्या घरात भूतखेत, अंगारे-धुपारे असलं काही चालत नाही. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतल्यावर ते सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं, ते कायमचं. त्यामुळे हे लिहितानाही मला चोरी केल्यासारखं वाटतंय.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. भर दुपार होती. गेल्या वर्षीच्या डिसेंबरातला रविवार.

जागा म्हणजे डिंभ्याच्या धरणाचं पाणी दोन डोंगरांच्या मधे जिथं लांबवर आत घुसलंय, तिथला उभा कडा. खाली काळपट हिरवं पाणी, वर नुसता कातळ. तिथले लोक त्याला मधाचा कडा म्हणतात.

तिघं गेले होते. प्रबुद्ध, ज्याचं नारायणगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कपिल, म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. आणि सूरज, दोघांचा मित्र. डोंगर चढायचा कोर्स केलेला तो एकटाच, दोरही त्याचाच.

प्रबुद्धच्या बहिणीला, प्रतीक्षाला, पाचवा महिना होता. निघताना तिनं भावाला बाजूला घेतलं.

"दादा, यांना उंचीवर गरगरतं. कबूल करायचे नाहीत. नीट परत आण."

"आणतो की. तुझ्या नवऱ्याला काय डोंगर खाणारे?"

पायथ्याला रखमाजी नावाचे एक म्हातारे खळ्यावर नाचणी झोडत होते. दोर बघितला आणि त्यांनी हातातली काठी खाली ठेवली.

"कुठं, पावणं?"

"कड्यावर. संध्याकाळी माघारी."

"तुमच्यात कोन मेव्हणं-मेव्हणं हायेत का?"

प्रश्नच विचित्र होता. प्रबुद्धनं कपिलकडं बोट केलं. "हे माझे दाजी."

म्हाताऱ्यानं दोघांना नीट न्याहाळलं.

"आमी पूर्वी दोरानं कड्यावर उतरून आग्या मोहळाचा मध काढायचो. उतरणाऱ्याचा दोर वरून कोन धरणार? त्याच्या बायकूचा भाऊ. दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायचाच न्हाई. भाऊ आपल्या भैनीला रांडाव करंल व्हय?"

"मग बरंय की," प्रबुद्ध म्हणाला.

"बाकी कड्यांना बरं हाय. ह्या कड्यावर मेव्हण्यानंच तोडला. भांडान न्हाई, तंटा न्हाई, एका ताटात जेवणारी दोघं. तवापास्नं हितं मेव्हण्याला वर थांबू देत न्हाईत. तू खालीच ऱ्हा, राव."

प्रबुद्धला हसू आवरेना. "दाजी, घरी भांडी घासणार असाल तरच वर ओढतो बघा."

कपिलही हसला. शेवटी म्हाताऱ्याचं मन राखायला ठरलं, की दोर सूरज धरेल. प्रबुद्ध नुसता बघत उभा राहील.

म्हातारे हसले नाहीत. ते परत काठी उचलायचंही विसरले.

चढ जीवघेणा होता. आधी कारवीचं रान, मग पायाखालून सरकणारा मुरूम, मग हातापायांवर चढायची घळ. अडीच तासांत तिघांचे शर्ट पिळून काढण्यासारखे झाले. आणि मग आला तो शेवटचा टप्पा. चाळीस फूट उभा कातळ. त्याच्या खाली थेट पाणी.

सूरज दोर घेऊन आधी चढला. मग प्रबुद्ध.

वर दोर बांधायला साधं झुडूपही नव्हतं. सूरजनं दोर स्वतःच्या कमरेभोवती घेतला, एका धोंड्याला पाय लावून बसला आणि खाली ओरडला, "या, दाजी."

कपिल निघाला. प्रबुद्ध काठावर वाकून बघत होता.

सव्वाबारा वाजले होते.

आणि मधाचा वास आला...

गोड, जड, धुरकट. प्रबुद्धनं आजूबाजूला बघितलं. पोळं कुठंच नव्हतं. एक माशी नव्हती.

मग वारा थांबला. खालून येणारा कपिलच्या बुटांचा आवाजही थांबला. तो तर चढत होता, दिसत होता... पण आवाज येत नव्हता.

प्रबुद्धच्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "तोड."

तो गर्रकन वळला.

प्रबुद्ध सांगतो ते असं. सूरजच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. त्याच्या डाव्या हातात काकडी कापायला आणलेला चाकू होता. आणि तो दोर कापत होता. घाई न करता, सावकाश.

"सूरज, अरे काय करतोस?"

दोराचे पीळ सुटत होते. एक... दोन...

प्रबुद्धनं त्याच्यावर झेप घेतली. सूरजनं त्याच्या पोटात लाथ घातली. प्रबुद्ध दगडांवर आपटला, ओठ फाटला, तोंड रक्तानं भरलं. सूरज पुन्हा दोराकडं वळला. आणि कुणीतरी हसत होतं... अगदी जवळ.

प्रबुद्धच्या हाताला एक धोंडा लागला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि सूरजच्या मनगटावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज आला.

त्यानं परत घातला. आणि परत. सूरज किंचाळत होता, रक्ताच्या चिळकांड्या कातळावर उडत होत्या. प्रबुद्धला थांबताच येईना. त्याच्या डोळ्यांपुढं फक्त बहीण होती.

मग त्यानं दोर धरला. उघड्या हातांनी. कपिलचं सगळं वजन त्या दोरावर आलं आणि तळहाताची साल सोलून निघाली. त्यानं दात-ओठ खाऊन ओढलं. इंच इंच करत ओढलं.

कपिलची बोटं काठावर दिसली. मग डोकं. मग तो अख्खा वर आला आणि पालथा पडला.

वाचला. प्रबुद्धला रडू फुटलं. तो त्याला मिठी मारायला पुढं झाला.

कपिल सरपटत मागं गेला.

"जवळ येऊ नकोस," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "प्रबुद्ध, हात जोडतो. आधी तो चाकू खाली ठेव."

प्रबुद्धनं खाली बघितलं.

चाकू त्याच्या हातात होता. दोराचे धागे पात्याला चिकटले होते.

त्यानं दुसरा तळहात उघडून बघितला... साधा ओरखडासुद्धा नव्हता.

दोर सूरजच्या कमरेला तसाच होता. मोडलेलं मनगट छातीशी धरून, दुसऱ्या हाताला दोराचा वेढा घालून तो अजून धोंड्याला पाय रेटून बसला होता. त्यानं तो एकदाही सोडला नव्हता.

दवाखान्यात तिघांनी एकच सांगितलं, सूरज पाय घसरून पडला. सूरजच्या मनगटात धातूच्या दोन पट्ट्या बसल्या. तो प्रबुद्धशी बोलत नाही, पण कुणाला काही सांगतही नाही.

कपिलनं फक्त प्रतीक्षाला सांगितलं, आणि तिनं ते प्रबुद्धला विचारलं. तो चढताना पूर्ण वेळ वर बघत होता. कापणारा प्रबुद्ध होता. अडवणारा सूरज होता. आणि कापताना प्रबुद्ध हसत होता.

प्रबुद्ध मला म्हणाला, "मी खोटं बोलत नाही रे. पण दाजीही खोटं बोलत नाहीत. मग मी त्या दिवशी काय बघितलं?"

 

एप्रिलात प्रतीक्षाला मुलगी झाली. प्रबुद्ध बघायला गेला, मी सोबत होतो. कपिल उठून बाहेर गेला.

प्रतीक्षा बाळाला घेऊन खाटेवर बसली होती.

"दादा, मी तुला ओळखते," ती म्हणाली. "लहानपणापासून ओळखते. तरी हिला तुझ्या हातात देऊ का नको, असा विचार करावा लागतोय. याची मला लई लाज वाटते."

तिचे डोळे भरून आले. मग तिनं मनाशी काहीतरी ठरवलं आणि बाळ पुढं केलं.

प्रबुद्ध बाळाकडं बघत राहिला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या, जणू कसलातरी वास येतोय. मला कसलाच वास आला नाही.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"नको," तो म्हणाला. "तूच धर."