सात नंबरची पट्टी

जून महिन्यात भिंतीला ओल आल्याची तक्रार आली की आम्ही नळ तपासायला सांगतो. ॲरिझोनाच्या आमच्या भागात जूनमध्ये दुसरीकडून पाणी यायला वावच नसतो. पाऊस जुलैत येतो, आणि येतो तेव्हा तासाभरात कोरड्या ओढ्यांच्या नद्या होतात. गावाच्या पूरनियंत्रण खात्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. सोकोरो उर्किदेसचा फोन आला तेव्हा मी तिला प्लंबरचा नंबर देऊन टाकला.

"तो येऊन गेला," ती म्हणाली. "म्हणतो, या भिंतीत पाइपच नाही. आणि वास येतोय, मिस्टर एम्स."

"कसला?"

"पावसाचा."

म्हणून गेलो. पूर्वेला एक्केचाळीस घरांची नवी वसाहत आहे, तिथे ती म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहते. वसाहतीच्या जागेवरून पूर्वी ओढा वाहायचा. बिल्डरने तो बुजवला आणि बाहेरून सिमेंटचा कालवा काढून वळवला. कालवा किती खोल हवा, हे आमच्या खात्याच्या दहा वर्षांच्या नोंदींवरून ठरलं.

दुपारचे अडीच वाजले होते, पारा एकशे बारा फॅरनहाइटवर होता. सोकोरोचे वडील, डॉन एलेउतेरिओ, डोक्यावर ओला पंचा घेऊन पडवीत बसले होते. आयुष्यभर गुरं राखलेला माणूस.

"सरकारी माणूस, आणि या उन्हात?" ते म्हणाले. "म्हणजे नक्कीच कुणीतरी बुडालंय."

"बाबा, आत येऊ द्या त्यांना," सोकोरो म्हणाली.

"येऊ दे की. बूट मात्र काढ म्हणावं. भिजतील."

मी हसलो. ते हसले नाहीत.

ओल त्यांच्याच खोलीत होती. दार उघडताच वास आला. क्रिओसोटच्या झुडपांचा. पाऊस पडायच्या आधी वाळवंटभर जो कडवट, मातकट वास सुटतो, तोच. खिडक्या बंद होत्या, आणि बाहेर मैलोन् मैल सुकलेलं रान होतं.

भिंतीवर दोन रेघा होत्या. एक गुडघ्याच्या उंचीवर, दुसरी कमरेच्या. चारही भिंतींवरून, कपाटामागूनसुद्धा, आखणी केल्यासारख्या सरळ गेलेल्या. ओल म्हणावी तर ओल अशी पसरत नाही. जवळ जाऊन पाहिलं तर त्या बारीक तपकिरी कणांच्या होत्या. मी बोट लावलं, कण चिमटीत घेऊन चुरडले. हलके, मऊ. बुचाचा भुगा होता.

हे काय ते सांगायला हवं. ओढ्यात आम्ही लोखंडी नळ्या उभ्या रोवतो. नळीत एक लाकडी पट्टी असते आणि तळाशी बुचाचा भुगा. पूर आला की पाणी नळीत चढतं, भुगा तरंगत वर जातो आणि पाणी उतरताना पट्टीला चिकटून राहतो. पाणी कुठवर चढलं होतं ते त्या रेघेवरून कळतं. पावसानंतर जायचं, नळी उघडायची, रेघ मोजायची, पट्टी पुसायची. बस.

सात नंबरची नळी या खोलीच्या जागी होती. वसाहत बांधताना ती उपटून ट्रकमध्ये टाकली, तेव्हा मी तिथे उभा होतो.

"ऐकू येतंय का?" सोकोरोने हळूच विचारलं.

येत होतं. फरशीखालून, जड, थांबून थांबून... पुराच्या तळाशी दगड गडगडत जातात तसं.

"रोज याच वेळेला," म्हातारे दारातून म्हणाले. "खाटेवरून पाय खाली सोडले की घोट्याला गार लागतं. ही म्हणते, बाबा, तुमचं रक्त पातळ झालंय. पोरा, रक्त पातळ झालं तर भिंतीला रेघ येते का?"

मी टेप काढून रेघा मोजल्या. हाताला दुसरं काही सुचेना. सात नंबरच्या तळाची उंची मला पाठ आहे. त्या जुन्या तळापासून खालची रेघ पाच फुटांवर होती, वरची सहा फूट तीन इंचांवर. नवा कालवा साडेतीन फूट खोल आहे.

रेघा दोनच का, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. खरं तर आधीच कळलं होतं.

माझी बायको आयरीन दोन वर्षं टूसॉनच्या हॉस्पिटलात होती. त्या दोन पावसाळ्यांत मी सात नंबरपर्यंत गेलो नाही. अकरा मैल कच्चा रस्ता, तिथे कुणी राहत नव्हतं. तिच्या खाटेजवळ बसून मी तक्त्यात शून्य भरलं. आमच्याकडे शून्य कुणाला खटकत नाही. बहुतेक वर्षी तेच खरं असतं. ती गेल्यावर पुढच्या जूनमध्ये गेलो, तर नळीचं टोपण उडालेलं, आत पट्टीही नाही, भुगाही नाही. शिकारी लोक इथे कशावरही गोळ्या झाडतात. त्यांचंच काम, असं मी ठरवलं आणि नवी पट्टी घातली. पुढे त्याच तक्त्यावर बिल्डरने कालवा काढला आणि खाली मी सही केली.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्य इंजिनियर डार्ला प्रुइट यांच्या टेबलावर मी रेघांचे आकडे लिहिलेला कागद ठेवला.

"दहा वर्षांची नोंद आहे आपल्याकडे, व्हर्जिल. तुझ्याच हातची."

"त्यातली दोन वर्षं खोटी आहेत. मी गेलोच नव्हतो."

त्यांनी चष्मा काढला. कोणती दोन, ते विचारलं नाही. आयरीनच्या अंत्यविधीला त्या आल्या होत्या.

"आणि हे आकडे?"

"खरे आहेत."

"आणलेस कुठून?"

"पट्टीवरून."

"कुठे आहे पट्टी?"

"ती... आता नाही."

त्यांनी कागद जवळ ओढला. "दोन वर्षं राहिली तुझ्या पेन्शनला. माहितीये ना?"

"माहितीये."

"पावसाला तीन आठवडे आहेत," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

कालवा खोल होईपर्यंत घरं रिकामी करायची ठरलं. लोकांना शाळेच्या व्यायामशाळेत हलवलं. का, ते मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं. कुणी ओरडलं नाही. सोकोरो तेवढी पुढे आली.

"तुमचं एक माणूस आजारी होतं," ती म्हणाली. "आणि इथली एक्केचाळीस घरं?"

 

"चल गं," म्हातारे तिला म्हणाले. "तिथे एसी तरी आहे."

नऊ ऑगस्टला, दुपारी तीनच्या सुमारास, पाणी आलं. कालव्याने पहिली दहा मिनिटं दम धरला. मग ओढा आपल्या जुन्या वाटेने, घरांमधून गेला. दारं गेली, गाड्या गेल्या. माणूस एकही गेला नाही. पाणी उतरल्यावर मी म्हाताऱ्यांच्या खोलीत गेलो. चिखल खालच्या रेघेला टेकून थांबला होता. एकवीस तारखेला पुन्हा पूर आला, तेव्हा वरच्या रेघेला.

खात्याने मला काढलं नाही. नोंदी करण्याचं काम काढून घेतलं. सप्टेंबरभर भिंती खरवडल्या, नवा गिलावा झाला. कालवा सात फूट खोल केला. दगडांचा आवाज बंद झाला होता. खूप दिवसांनी मला सलग झोप लागू लागली.

ऑक्टोबरात सोकोरोने मला बोलावलं. सामान ट्रकमध्ये होतं, म्हातारे पुढच्या सीटवर. खाली उतरायला तयार नव्हते.

"पुन्हा राहायला यायचंय," ती म्हणाली. "त्याआधी तुम्ही एकदा बघा. तुम्ही म्हणाल तसं."

तिच्या आवाजात राग उरला नव्हता. तेच मला जास्त लागलं.

खोलीला आदल्या दिवशी पांढरा रंग दिला होता. रंगाच्या वासाखालून तो दुसरा वास येत होता. रेघ शोधायला मान वर करावी लागली. छताच्या खाली चार बोटं, चारही भिंतींवरून सरळ. मी खुर्चीवर चढून बोट लावलं. भुगा ओला होता.

बाहेर आलो तेव्हा म्हाताऱ्यांनी ट्रकची काच खाली केली.

"आणखी एक?"

मी मान डोलावली.

"कुठल्या सालची?"

मी दोनच पावसाळे चुकवले होते. घरी जाऊन सात नंबरचे सगळे तक्ते काढले, प्रत्येक पावसाचा दिवस ताडून पाहिला. बाकी सगळ्या वेळी मी स्वतः गेलो होतो, स्वतः पट्टी पुसली होती. एवढ्या उंचीचं पाणी कधीच आलं नव्हतं.

सोकोरोला मी एवढंच म्हटलं, "नका येऊ."

ट्रक वळून गेला. मी पुन्हा आत गेलो आणि टेप लावला. जुन्या तळापासून दहा फूट नऊ इंच. नोंदी करायचं काम माझ्याकडे नाही, पण तेवढी एक नोंद मी केली. आकडा लिहिला, खाली सही केली. सालाचा रकाना कोरा ठेवला आहे.