साडेअकरा फेरे

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण मध्येच एके ठिकाणी हसू येईल. ज्याच्या डोळ्यांसमोर हे घडलं, त्या नातवालाही आलं होतं.

रात्र नव्हती. कुत्री रडत नव्हती. दुपारचे पावणेपाच वाजले होते आणि घरात वीस माणसं बसली होती.

आजोबांना जाऊन पाच दिवस झाले होते.

आजोबा म्हणजे गावाचे पाणीवाले. एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागले. छातीइतकी उंच लोखंडी चावी सायकलला बांधायची, गल्लीच्या तोंडाशी खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि मोजून फेरे द्यायचे. प्रत्येक गल्लीचे फेरे वेगळे, आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. घराजवळच्या चढावरच्या गल्लीला साडेअकरा. अकरा दिले तर टोकाच्या घरी पाणी चढत नाही. बारा दिले तर खालची गल्ली कोरडी.

लग्न ठरायच्या आधी आजीच्या गल्लीला म्हणे बादल्या कमी पडायच्या. "तिने मला होकार नाही दिला रे," आजोबा सांगायचे, "पूर ओसरावा म्हणून हो म्हणाली."

निवृत्त झाल्यावरही त्यांची रोजची चक्कर सुटली नाही. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला गाव तीस वर्षं 'नवा पाणीवाला' म्हणत होतं. त्याचे केस पिकले, तोही पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता, तरी नवाच.

मग अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी आजोबांच्या डोक्यातले दिवस मागे जाऊ लागले. पाणी आता सकाळी सातला सुटतं, हे त्यांना पटेना. दुपारी साडेचारला चावी घेऊन निघायचे आणि जुन्या वेळेला, पावणेपाचला, पाणी सोडायचे. टाकी रिकामी व्हायची. गल्लीला दिवसातून दोनदा पाणी येऊ लागलं. गल्लीने अर्थातच तक्रार केली नाही. तक्रार केली खालच्या गल्लीने. त्यांना एकदाही येईना.

नवा पाणीवाला हात जोडून घरी आला. "आजोबांना जरा आवरा. मला काही बोलता येत नाही हो. काम त्यांनीच शिकवलंय मला."

"चावी लपवा कुणीतरी," आत्या म्हणाली.

कुणीतरी म्हणजे नातू. घरात रिकामा तोच होता. त्याने चावी माळ्यावर, जुन्या गादीमागे ठेवली.

"चावी कुठाय रे?"

"ऑफिसने परत नेली, आजोबा."

"सही घेतलीस?"

"घेतली."

"मग ठीक," आजोबा म्हणाले आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले.

ते पुन्हा घराबाहेर पडलेच नाहीत.

रोज पावणेपाचला त्यांचे हात मांडीवर गोल फिरायचे. साडेअकरा वेळा. नातवाने मोजलं होतं. आधी जेवण कमी झालं, मग बोलणं. चावी लपवल्याच्या अकराव्या दिवशी त्यांनी विचारलं, "टोकाच्या घराला पाणी चढलं का?"

"चढलं, आजोबा."

त्यानंतर त्यांनी काहीच विचारलं नाही.

तर, पाचवा दिवस. भेटायला आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती. असा माणूस पुन्हा होणे नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. नवा पाणीवाला कोपऱ्यात डोळे पुसत होता.

आणि...

मोरीतला नळ खाकरला.

पाणी यायच्या आधी पाईपातली हवा निघते, तो आवाज. खर्र... खक... खर्र...

बोलणं थांबलं.

मग बादलीत धार पडली.

वीस डोकी नव्या पाणीवाल्याकडे वळली.

"माझ्याकडे काय बघताय? मी इथेच बसलोय की."

पहिली उठली ती समोरची काकू. "येते हं. दुःख मोठंच आहे, पण माझं पिंप रिकामं आहे." तिच्यामागे बाकीचे. दोन मिनिटांत खोली मोकळी झाली. एकजण घाईत उजव्या पायात स्वतःची आणि डाव्या पायात आत्याची चप्पल घालून गेला.

नातवाला हसू आलं ते इथे.

नवा पाणीवाला मात्र हसत नव्हता. "चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी झाकण जागच्या जागी होतं. त्याने सायकलचं कुलूप काढलं, आपली चावी सोडवली आणि मोजत व्हॉल्व्ह बंद केला. नऊ... दहा... अकरा...

आणि अर्धा.

"मी दहाच देतो," तो हळूच म्हणाला. "टोकाचं घर मला रोज शिव्या घालतं. साडेअकरा फक्त ते द्यायचे. त्यांची चावी कुठाय?"

नातू धावत माळ्यावर चढला. गादी तशीच. चावी तशीच. मुठीवर कोळ्याचं जाळं... अख्खं.

गावात चाव्या दोनच.

"मग उघडला कशाने?" नातवाने परत येऊन विचारलं.

नव्या पाणीवाल्याने स्वतःचे तळवे उलगडून बघितले. "हातांनी," तो म्हणाला. "पण ते होत नाही रे. चार पैलवानांनाही होत नाही."

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला पुन्हा पाणी आलं. तिसऱ्या दिवशीही.

नातवाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, खड्ड्यात वाकलेला, नुसत्या हातांनी लोखंड फिरवतोय. टोकाच्या घराला पाणी चढावं म्हणून.

चौथ्या दिवशी, घरात कोणी नसताना, त्याने चावी खाली आणली. पुसली. दारामागे तिच्या जागी उभी केली आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसला. काहीतरी विनोद करून सुरुवात करावी असं त्याच्या मनात होतं. सुचला नाही.

"ऑफिसने नेली नव्हती, आजोबा. मीच लपवली होती. सहीपण घेतली नव्हती. ही घ्या... हातांनी नका उघडू."

पावणेपाच झाले.

नळ...

गप्पच राहिला.

पाच वाजले. चावी जागची हलली नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरच्या आठ महिन्यांतही नाही.

आत्या म्हणते, चावी मिळाली, जीव शांत झाला त्यांचा. नवा पाणीवालाही तेच म्हणतो. नातू मान डोलावतो.

पण त्याला झोप येत नाही ती वेगळ्याच कारणाने. ते तीन दिवस आजोबा आले, तेव्हा चावी ऑफिसने नेली असंच त्यांना वाटत होतं. सही होती. राग धरण्यासारखं काही नव्हतं. म्हणून नुसत्या हातांनी का होईना, ते येत राहिले. खरं काय ते त्यांना त्या दुपारी कळलं.

आणि मग ते आले नाहीत.

समोरची काकू अजून विचारते, "दुपारचं पाणी का रे बंद झालं?"

"माहीत नाही, काकू," नातू म्हणतो.