खिडकीतला पाचवा कप

किसुत्सेच्या डोंगरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी सुना सासरी मध आणतात, खसखशीची पोळी आणतात. झ्लातिकाने लघवीसाठी चार कप आणले.

"देवाला मेणबत्ती आणि सुनेला मूत!" चुलतसासरे ब्लाझेयकाका म्हणाले. "झकास सण!"

झ्लातिकाला तिसरा महिना होता. जनुकांच्या प्रयोगशाळेत काम करता करता तिने स्वतःचं रक्तही तपासलं होतं. काळ्या लघवीच्या आजाराचं एक सदोष जनुक तिच्यात निघालं. तसंच दुसरं नवऱ्यात निघालं, तर बाळाला आजार व्हायची शक्यता चारांत एक. पुढे चाळिशीत कणा लाकडासारखा. नवरा रादोवान तर सुई बघूनच दवाखान्यातून पळाला होता. म्हणून आधी घरात कुणाला आजार आहे का, ते बघायचं.

"आमच्यात तसलं काही नव्हतं हो," सासूबाई योलाना कोबीचं सूप ढवळत म्हणाल्या. "तुमच्याकडचंच असणार."

तरी सासू-सासरे, काका आणि रादोवान, चौघांनी आपापल्या नावाचे कप भरून मोरीच्या खिडकीत ठेवले. जेवणाआधी झ्लातिका सोडा घेऊन गेली. आजार असला तर सोड्याने काळा रंग लवकर चढतो.

खिडकीत पाच कप होते.

"काका, तुम्ही दोनदा?"

"पोरी, या वयात एकदा होते तेच नशीब!"

चार कप सोडा टाकूनही पिवळेच राहिले. पाचव्यावर नाव नव्हतं. सोडा न टाकताच तो वरून खाली काळा पडत चालला होता.

"चला, गेलेल्यांचं पानही वाढलंय," म्हणत योलाना दारात आल्या. कप दिसला आणि त्या तिथेच थांबल्या.

"जराशीच आहे," त्या म्हणाल्या. "तान्ह्याची असते तेवढी."

"कोणाची, आई?" मागून येत रादोवानने विचारलं.

"तुझ्या आधीच्याची. तापानं गेला तो. त्याचे काळे लंगोट मी चुलीत घातले."



"आमच्यात नव्हतं म्हणाले ना मी," त्या पुटपुटल्या. "ऐकलं त्यानं."

काकांनी दारातच टोपी काढली.

झ्लातिका सवयीने कपांवर झाकणं लावू लागली. काचेवर बर्फ धरला होता. चारही कप गारठले होते.

पाचवा अजून कोमट होता.